समुद्राची वाट लावायचीय? मग पुरावा मागे ठेवू नका

मंडळी, समुद्राची वाट लावणं काही कठीण नाही, ते कुणालाही जमतं. खरी कला आहे ती आपण लावली हे सिद्ध न होऊ देण्यात. त्यासाठी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा, या समुद्री जीवशास्त्रवाल्यांना काहीही सिद्ध करायचं तर तुलना लागते. नुसता बिघडलेला समुद्र दाखवून त्यांचं भागत नाही, न बिघडलेलाही दाखवावा लागतो. मग तो शिल्लकच का ठेवायचा?

तेव्हा पहिला नियम, आवाज कधीच बंद करू नका. सप्टेंबर 2001 मधे नेमका हाच घोळ झाला. अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर जहाजांची ये-जा एकदम रोडावली आणि कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा गोंगाट 6 डेसिबलने उतरला. आता नेमके तेव्हाच काही संशोधक तिथे राइट व्हेल या जातीच्या व्हेलची शी गोळा करत होते (हो, शीच, आणि ती कुठे तरंगतेय हे हुंगून सांगायला पुढे त्यांनी बोटीवर ट्रेनिंग दिलेली कुत्री पण ठेवली, लोक काय काय करतात बघा). तपासली तर स्ट्रेस हार्मोन्स घसरलेली! म्हणजे व्हेल एवढी वर्षं टेन्शनमधे जगत होते हे जगाला कळलं ते फक्त आपण थोडे दिवस गप्प बसलो म्हणून. परत असं व्हायला नको.

दुसरं, कामात दिरंगाई नको. आदर्श म्हणून स्टेलरची समुद्रगाय घ्या. आठ मीटरपर्यंत लांब, संथ, केल्प (मोठं समुद्री शेवाळ) खात पडून राहणारं जनावर, 1741 मधे जहाज फुटून बेटावर अडकलेल्या स्टेलर नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि 1768 पर्यंत विषय संपला. 27 वर्षांत! जिवंतपणी तिला पाहणारा निसर्गशास्त्रज्ञ तो एकटाच, दुसऱ्या कुणाला काही मोजायची संधीच नाही.

ज्यांना एवढी घाई जमत नाही त्यांनी सावकाश करा, तेही चालतं. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मधेच लिहून ठेवलंय की प्रत्येक पिढीतला संशोधक आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र नॉर्मल धरतो आणि तिथून पुढची घट मोजतो. म्हणजे आधीची सगळी घट आपोआप माफ. फक्त कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशासारखं एकदम दिवाळं काढू नका, 1992 मधे मासेमारी दोन वर्षं बंद म्हणून सांगितलं आणि ती बंदी उठली 2024 मधे, असलं लगेच डोळ्यात येतं.

व्हेलच्या कानातल्या मळाला मात्र इलाज नाही. त्याचे थरावर थर साचतात, त्यात जन्मभराचं कॉर्टिसॉल (स्ट्रेस हार्मोन), आणि म्युझियममधे पडलेले जुने मळाचे गोळे तपासले तर शिकार वाढली तसा स्ट्रेसही वाढलेला. आता कान कोण साफ करत बसणार.

आणि सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे खरंखुरं राखीव क्षेत्र. न्यूझीलंडमधे ली नावाच्या गावाजवळ 1975 मधे एक छोटा किनारी पट्टा पूर्ण बंद केला, काहीही पकडायचं नाही. झालं काय, स्नॅपर मासे आणि शेवंड वाढले, त्यांनी सी अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव) खाल्ले, आणि अर्चिननी फस्त केलेलं केल्पचं जंगल परत उगवलं. घ्या! तुलनेला आयता नमुना तयार, आता सांगा म्हणावं की मासेमारीने काही फरक पडत नाही.

म्हणून राखीव क्षेत्राला उघड विरोध करायचा वेडेपणा करू नका. उलट भरपूर जाहीर करा, नकाशा निळाभोर रंगवा, आणि ट्रॉलर (मोठं जाळं ओढत मासे पकडणाऱ्या बोटी) चालू ठेवा. हे काही मी शोधून काढलेलं नाही, युरोपात करून झालंय, 2018 च्या एका अभ्यासात तिथल्या अर्ध्याहून जास्त संरक्षित क्षेत्रांमधे व्यावसायिक ट्रॉलिंग सापडलं आणि सरासरी ते बाहेरच्यापेक्षा जास्तच होतं. पुढेमागे कुणी विचारलंच, की एवढं संरक्षण देऊनही मासे का वाढेनात, तर चेहरा गंभीर करून सांगायचं, अजून संशोधनाची गरज आहे.