तिसऱ्या खेपेला

गाब्रिएल गार्सिया मार्केझची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही कादंबरी मी दोनदा पन्नासेक पानांत टाकून दिली होती. बाप होझे आर्कादियो, मुलगाही होझे आर्कादियो, आणि कर्नल ऑरेलियानोचे १७ मुलगे तर सगळेच ऑरेलियानो! पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तक परत करताना म्हटलं, नोबेलवाल्यांना लखलाभ.

यंदा आषाढात डिचोलीला घरी होतो. दोन दिवस वीज नाही, म्हणून पुन्हा उघडली. आणि अडकलो.

अडकलो ते एका रक्ताच्या ओघळामुळे. एका घरात गोळी सुटते. रक्त दाराखालून बाहेर पडतं, रस्ता ओलांडतं, वळणं घेतं, आईच्या घरात शिरल्यावर गालिचे खराब होऊ नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेने जातं आणि स्वयंपाकघरात पोचतं. तिथे ती आई, उर्सुला, पावासाठी ३६ अंडी फोडायच्या बेतात असते. अंडी मोजलेली आहेत, हे महत्त्वाचं! अशा अद्भुत गोष्टी रोजच्यासारख्या सांगण्याला समीक्षक 'जादुई वास्तववाद' म्हणतात; तो शब्द मला तेव्हापासून खटकतो. यात जादू कुठली? माझी आजी रात्री बांधावर काठीचा आवाज आला की याच सुरात सांगायची, "राखणदार गेलो. न्हिद आतां." (राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देवचार; तो गेला, झोप आता.) आणि कूस बदलायची. मार्केझनेही हा सूर आपल्या आजीकडूनच उचलला, तसं त्याने स्वतःच सांगितलंय.

नावांचं म्हणाल तर, आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपण लोकांनी तक्रार करूच नये.

केळी कंपनीचा भाग मात्र सावकाश वाचला. संपकऱ्यांवर गोळीबार होतो, प्रेतं आगगाडीत भरून नेतात आणि नंतर गावात कुणी मानायलाच तयार नाही. १९२८ साली कोलंबियात सिएनागाला खरोखरच असा गोळीबार झाला होता. कादंबरीत मग जवळजवळ पाच वर्षं पाऊस पडतो, कंपनी निघून जाते, गाव कुजत राहतं. आमच्याकडे गोळ्या सुटल्या नाहीत, तेव्हा तुलना ताणत नाही. पण २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर घरांपुढे ओळीने उभे राहिलेले ट्रक आठवले. एकाच्या हौद्यात पावसाळ्यात चांगलं गुडघाभर गवत वाढलं होतं.

शेवटची पन्नास पानं थोडी लांबली असं माझं मत. असो.

जेवताना आईला सांगितलं, त्यात एक रेमेदियोस नावाची सुंदर मुलगी चादरींच्या घड्या घालताना वाऱ्यावर वर उचलली जाते आणि सदेह स्वर्गात जाते. आईने आमटी वाढता वाढता विचारलं, "आनी चादरी? त्योय गेल्यो?"

कादंबरीतली रेमेदियोसची भावजय फेर्नांडाही नंतर देवाकडे त्याच परत मागत बसते.