पुन्हा ती 'अल्मा'!

नाताळ आला की आमच्याकडे केकच्या आधी 'अल्मा' निघते. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात (७:१४) जिला मुलगा होईल असं म्हटलंय, तिच्यासाठीचा हा हिब्रू शब्द. माझा नास्तिक भाऊ म्हणतो, "तरुणी! कुमारी कुठंय त्यात?" थोरले दीर लगेच येशूच्या जन्माला तेच वचन लावणारं मत्तयाचं शुभवर्तमान उघडतात, "कुमारीच!" अहो, ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी आलं ते ख्रिस्ताच्याही आधी, आणि यावर दुसऱ्या शतकातच भांडून झालंय. १९५२ मध्ये अमेरिकेत नव्या इंग्रजी बायबलात 'तरुणी' छापलं, तर एका पाद्र्यानं ते पानच जाळलं! पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकशी झटून मराठी बायबल केलं. आमच्या या भावाला नि दिरांना हिब्रूचं एक अक्षर ओळखता येत नाही, मोबाइल मात्र एकमेकांच्या नाकासमोर नाचवतात. तिकडे विंदालू गार झालं.