जवानाला फाट्यावर सोडण्याची कला

समजा, तुम्ही एक राष्ट्र आहात. तुमचं सैन्य परमुलखात जाऊन बसलंय, महिने लोटलेत, आणि आता पोरं म्हणतायत, चार दिवस घरी जाऊन येतो. रणगाडे आणि बॉम्ब घेताना तुम्ही हात आखडला नाहीत, ते योग्यच होतं. पण खर्चाला कुठेतरी आळा घालायला हवा. तो इथे घाला.

या कामी अमेरिकेने २००३ साली घालून दिलेला धडा गिरवण्यासारखा आहे. मार्चमध्ये फौजा इराकमध्ये शिरल्या. सप्टेंबरअखेरीस बारा महिन्यांच्या हुकुमावर गेलेल्यांसाठी पंधरा दिवसांची सुट्टी सुरू झाली. ती वर्षाच्या हक्काच्या तीस दिवसांतूनच कापायची, म्हणजे सरकारच्या खिशाला तोशीस नाही. कुवेतहून विमान, तेही फुकट. असं पहिलं विमान २६ सप्टेंबरला बाल्टिमोरला उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, झेंडे फडकवले.

आणि तिथेच सरकारने जवानाचं बोट सोडलं. बाल्टिमोरच्या पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

आता तुम्ही नकाशा उघडाल आणि म्हणाल, अहो, बाल्टिमोर पूर्व किनाऱ्याला, लॉस एंजेलिस पश्चिमेला, मधे साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर. हवाई बेटांवरचा पोरगा असला तर पुढे समुद्रही आलाच. अशा तपशिलात शिरू नका. ‘मायदेशी आणून सोडलं’ हे वाक्य खरं आहे ना, मग झालं. जवान बाल्टिमोरला राहत नाही, यात सरकारचा काय दोष?

तिकीट आगाऊ काढलं तर स्वस्त पडतं, हेही त्याला वडीलकीच्या नात्याने सांगा. सुटायची तारीख हलते, वाळूचं वादळ उठतं, कुवेतला विमान खोळंबतं, असल्या सबबी तो देईल. ऐकून घ्या. मग तो काउंटरसमोर उभा राहील: अंगावर वाळूच्या रंगाचा गणवेश, पाठीवर पोतं, बुटाच्या शिवणीत अजून इराकची माती, आणि हातात क्रेडिट कार्ड. पलीकडची बाई आजच्या आज निघण्याचा भाव सांगेल. मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचा खांदा थोपटेल. तेवढ्यात त्याने कार्ड पुढे करावं.

पैसे कुठून आणेल, ही काळजी तुम्ही करू नका. त्या वर्षी अगदी खालच्या पायरीवरच्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला ११५० डॉलरच्या घरात होता. शिवाय धोक्याचा भत्ता, महिन्याला २२५ डॉलर. म्हणजे रोज साडेसात डॉलर. हा आकडा जरा हाताशी ठेवा. रस्त्याकडेला कधी काय फुटेल याचा नेम नाही, अशा ठिकाणी राहण्याचे रोजचे साडेसात. आणि त्याच काळात जखमी होऊन लष्करी इस्पितळात पडलेल्या जवानाला जेवणाचं बिल येत होतं, रोजचे ८ डॉलर १० सेंट. मरणाच्या दारात उभं राहण्यापेक्षा इस्पितळातलं जेवण साठ सेंटांनी महाग! कायदा १९८१ सालचा, आणि त्यामागचा युक्तिवाद तर सोन्याच्या चौकटीत बसवावा असा: जेवणाचा भत्ता मिळतोच, वर इस्पितळात फुकट खाल्लं तर एकाच माणसाला दोनदा लाभ. पायाला जखम झालेल्या एका मरीनला २१० डॉलर ६० सेंटचं बिल लागलं, ते फ्लोरिडाचे खासदार बिल यंग यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. हे गृहस्थ प्रतिनिधिगृहाच्या खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. देशाच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला पाकिटात हात घालावा लागला. पुढे तो कायदा त्यांनीच बदलून घेतला. चांगली चाललेली बचत अशी वाया जाते.

एवढं करूनही जवान कुरकुरला, तर त्याला लष्करी विमानातल्या रिकाम्या जागेची आठवण करून द्या. ही सोय खरोखर आहे आणि खरोखर फुकट आहे. तळावर नाव नोंदवायचं आणि जागा रिकामी राहायची वाट बघायची. प्राधान्याच्या सहा पायऱ्या आहेत. साध्या सुट्टीवरचा सैनिक तिसऱ्या पायरीवर. जागा मिळेल किंवा नाही मिळणार, मिळाली तरी वाटेत उतरवूही शकतात. म्हणून या फुकट प्रवासाला निघताना, अडकलो तर पुऱ्या दराचं तिकीट काढता येईल एवढे पैसे जवळ ठेवा, असा अधिकृत सल्ला असतो. यावर मी काही बोलत नाही.

घरी कुणी अत्यवस्थ असलं किंवा गेलं, तर मात्र नियम मवाळ होतात. आधी रेड क्रॉस बातमीची खातरजमा करते. मग परदेशातल्या ठाण्यावरून मायदेशातल्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचा खर्च सरकार करतं. पुढचा फाटा तोच. त्यासाठी १९४२ पासून लष्कराची मदतनिधी संस्था आहे, ती बिनव्याजी कर्जही देते. बापाच्या मातीला जायचं कर्ज, पण बिनव्याजी. सावकार असा हवा.

एवढ्यावर सगळं सुरळीत चालायचं, पण लोक मध्ये पडतात. मेरीलँडचे खासदार डच रुपर्सबर्गर यांनी ‘ऑपरेशन हीरो माइल्स’ काढलं: विमान कंपन्यांकडे साठलेले आपले मोफत प्रवासाचे माइल्स, म्हणजे वारंवार विमानाने हिंडल्याबद्दल मिळणारे गुण, लोकांनी जवानांना द्यायचे. लोकांनी दिलेही. सेल्समन, सल्लागार, वकील, कंपनीच्या खर्चाने वर्षभर हिंडून ज्यांनी माइल्स जमवले, त्यांच्या पुण्याईवर शिपाई घरी पोचू लागले. राष्ट्र म्हणून अशा वेळी तुम्हाला ओशाळं वाटण्याचा संभव आहे. वाटू देऊ नका. फोटोत दात्यांच्या शेजारी उभे राहा.

तरीही डिसेंबरात व्हायचं ते झालं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नोव्हेंबरात युद्धासाठी सुमारे ८७ अब्ज डॉलर मंजूर केले, त्यात कुणीतरी ही तिकिटंही बसवली, आणि १९ डिसेंबरपासून घराजवळच्या विमानतळापर्यंतचं भाडं सरकारकडे आलं. आधीच्या तिकिटांचे पैसे परत देण्याचीही सोय झाली. तोवर बचतीचे पावणेतीन महिने पदरात पडले होते, हे विसरू नका. शिवाय पैसे परत मागायला पावती लागते. लढाईवरून आलेला माणूस पावत्या जपतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

त्या पावणेतीन महिन्यांतली एक गोष्ट सांगायची राहिली. सुट्टी पंधरा दिवसांची, म्हणजे सोळाव्या दिवशी परत निघणं आलं. परतीचं तिकीटही त्यानेच काढायचं. आईने दिलेला डबा सांभाळत, बायकोकडे मागे वळून न बघता, स्वतःच्या पैशाने बाल्टिमोर गाठायचं. वेळेवर नाही पोचला तर विनापरवाना गैरहजेरीचा गुन्हा लागतो, तेव्हा शक्यतो आदल्या दिवशीचंच तिकीट काढायला सांगा, रात्रभर विमानतळावर बसला तरी हरकत नाही. तिथून पुढे त्याला कसलीच चिंता नाही. बाल्टिमोर ते युद्ध, विमान फुकट आहे.