चाळीस मिनिटं प्रेस? आधी बेंच मोजा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंच्या मोबाइलवर सध्या एका चाहत्याचा सल्ला फिरतो आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने आपण कोचच्या घाबरटपणामुळे हरतो, असं त्याचं म्हणणं. उपाय चार: पूर्ण ४० मिनिटं फुल कोर्ट प्रेस (समोरच्यांना त्यांच्या टोकापासूनच गाठून अडवणं), जमेल तिथून तीन गुणांचा लांबचा शॉट, पहिल्या पाचांना बाहेर काढायचं नाही आणि शेवटी पिछाडी असेल तर सरळ फाउल. तळमळ खरी आहे, पण हा सल्ला जसाच्या तसा मैदानात उतरवला तर सामना तिसऱ्या क्वार्टरमध्येच हातातून जाईल.

आधी प्रेस. १-२-१-१ रचनेत (पुढे एक, मग दोन, मग एक, मागे एक) पहिला खेळाडू थ्रो-इन करणाऱ्यासमोर, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकणाऱ्यासमोर, हात वर करून उभा राहतो आणि पास कोपऱ्यात ढकलतो. तिथे दोघं मिळून बॉलवाल्याला कोंडतात, यालाच ट्रॅप म्हणतात. म्हणजे बाकीच्या चौघांना राखायला तिघंच उरतात. समोरच्यांनी मधल्या वर्तुळाजवळ एक उंच खेळाडू उभा केला आणि बॉल त्याच्या हातात पडला की ट्रॅप मागे राहतो आणि रिंगखाली एकट्याने दोघांना अडवायची वेळ येते. हे घडतं कारण ट्रॅप लावणाऱ्या दोघांचे पाय जुळत नाहीत, मधल्या फटीतून पास निघतो. पाय दमले की खेळाडू हात मारून फाउल करतो. क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलपासून त्याची किंमत दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एक-एक गुणाचे शॉट. आपल्याकडे बरेच सामने उघड्या सिमेंटच्या कोर्टवर होतात. ऑक्टोबरच्या उन्हात, त्यातही एका दिवशी दोन सामने असतील तर, सात-आठ जणांच्या बळावर ४० मिनिटं प्रेस चालत नाही.

म्हणून प्रेस आपली बास्केट झाल्यावरच लावावा. शॉट हुकला तर कुणीच जागेवर नसतं. दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरची पहिली तीन मिनिटं त्यासाठी राखावीत. लागोपाठ दोन सोपे लेअप (रिंगजवळचे शॉट) गेले तर सगळ्यांनी थेट आपल्या अर्ध्या कोर्टवर बचावाला परतायचं, कोचच्या हाकेची वाट बघायची नाही. बॉल चोरता आला नाही तरी हरकत नाही. समोरच्याला अर्धं कोर्ट ओलांडायला ८ सेकंदं असतात. त्यातली सहा-सात खर्च झाली तरी २४ सेकंदांतला आक्रमणाचा वेळ घटतो. आमच्या मते प्रेसचा खरा फायदा हाच.

पहिल्या पाचांना न काढण्याचं उत्तर यातच आलं. दर पाच-सहा मिनिटांनी एक-दोघांना बदला, पण दोन्ही बॉल-हँडलर (बॉल पुढे नेणारे) एकाच वेळी बसवू नका. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झालेल्याला थोडं बसवणं म्हणजे घाबरटपणा नव्हे. स्वतःच्या पाचव्या फाउलला तो कायमचा बाहेर जातो.

तीनच्या शॉटचा हिशोब सरळ आहे. तीनात एक जात असेल तर तो दोन गुणांचे निम्मे शॉट जाण्याइतकाच फायद्याचा. चारात एकच जात असेल तर तोट्याचा. शिवाय लांबचा शॉट हुकला की रिबाउंडही लांब उडतो आणि समोरच्याचा फास्ट ब्रेक (वेगवान पलटवार) सुरू होतो. सरावाच्या शेवटी, धावून दमल्यावर, ६.७५ मीटरवरून प्रत्येकाला २५ शॉट मारायला लावा. नऊ पडले तर सामन्यात परवानगी द्या. ताज्या पायांनी मोजलेला आकडा चौथ्या क्वार्टरमध्ये उपयोगाचा नाही. उघड्या कोर्टवर वारा असेल तर दोन्ही रिंगांवर वेगवेगळं मोजा.

शेवटच्या फाउलबाबत चाहता अर्धा बरोबर आहे. ४० सेकंदं उरली आणि सहा गुणांची पिछाडी असेल तर घड्याळ थांबवायला फाउल करावाच लागतो. पण तो बॉलवर हात घालूनच. मागून धरलं तर अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा) फाउल ठरू शकतो, मग फ्री थ्रोही त्यांचे आणि बॉलही त्यांचाच. शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनचा बॉल हातातून सुटण्याआधी कोर्टवर फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि पुन्हा बॉल त्यांना. त्यामुळे पास सुटू द्या, मग त्यांचा सगळ्यात कच्चा फ्री थ्रो मारणारा गाठा. तो कोण हे तिसऱ्या क्वार्टरपर्यंत स्कोअरशीटवरून बेंचवरच्या कुणीतरी काढून ठेवलेलं असावं. आणि टाइम-आउट जपा, पण तिन्ही नको: शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. तिथे आपल्या अर्ध्यात बॉल आपला असताना घेतला, तर थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातून मिळवता येतो.