कांदेवाला राजा होणार

'तुझी थिअरी काय?' हा प्रश्न माणूस माणसाला सकाळी सकाळी, दात घासल्याबरोबर विचारू शकतो, हे मला 'गेम ऑफ थ्रोन्स'ने शिकवलं. मालिका मीही बघायचो. नियमित बघायचो, आवडीने बघायचो. ड्रॅगन आला की खूश व्हायचो, चांगला माणूस मेला की हळहळायचो आणि मग टीव्ही बंद करून जेवायला बसायचो. पुढे काय होणार ते पुढच्या भागात कळेलच, अशी माझी साधी समजूत. पण आमच्या ऑफिसात ही समजूत अडाणीपणाची मानली जायची. ज्याला थिअरी नाही त्याने मालिका बघितलीच नाही, असा तिथला नियम.

ऑफिस पणजीत, घर फोंड्यात. म्हणजे हा छळ दोन हप्त्यांत चालायचा. ऑफिसात अकाउंट्समधला एक सहकारी होता. स्वतःच्या रजेचा अर्ज कुठे ठेवला ते त्याला कधी आठवत नाही, पण पहिल्या सीझनमध्ये कोण कोणाकडे तिरक्या नजरेने बघून गप्प बसला होता, ते मुखोद्गत. आणि घरी भाचा. तो डिचोलीचा, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला म्हणून आमच्याकडे राहिलेला. शिकत काय होता देव जाणे, पण भिंतीवर त्याने मालिकेतल्या टार्गारियन घराण्याची वंशावळ लावली होती. आमच्या घराण्याची विचारली तर आजोबांच्या पलीकडे त्याला जाता आलं नसतं.

या दोन ठिकाणांच्या मध्ये कदंबच्या सरकारी बसचं शटल. शटल मध्ये कुठे थांबत नाही, त्यामुळे शेजारी थिअरीवाला बसला की संपलं. 'बाबा रे, मी कालचा भाग अजून बघितलेला नाही, काही सांगू नकोस,' अशी हात जोडून विनंती केली तर तो सभ्यपणे म्हणतो, 'छे छे! झालेलं सांगत नाही. पुढचं सांगतो, माझी थिअरी.' आता ती खोटी निघाली तर बाणस्तारीपासून जुन्या गोव्यापर्यंतची आपली झोप फुकट गेली. आणि खरी निघाली तर गोष्टच फुटली. दोन्हीकडून नागवला जातो तो ऐकणारा.

या सगळ्याचं मूळ म्हणजे एक थिअरी खरोखरच बरोबर निघाली. ज्या पुस्तकांवरून मालिका बनली त्यातलं पहिलं आलं १९९६ साली. मालिकेचा नायक जॉन स्नो हा सरदार नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नव्हेच, तो नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा मुलगा, असा तर्क चाणाक्ष वाचकांनी थोड्याच काळात बांधला. मालिकेने ते दाखवलं २०१६च्या जूनमध्ये. बाळंतपणात अखेरचे श्वास घेणारी लियाना, नेडच्या हातात दिलेलं बाळ, आणि त्या बाळाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा उठतो तो थेट मोठ्या जॉनच्या चेहऱ्यावर. एवढंच कशाला, मालिका करायची परवानगी मागायला गेलेल्या दोघांना लेखक मार्टिन यांनी विचारलं होतं की जॉनची आई कोण, आणि त्यांनी नेमकं उत्तर दिलं. म्हणजे मालिकेचा जन्मच अंदाज बरोबर आल्यामुळे झालेला. गावात एकाला लॉटरी लागली की पुढचं वर्षभर सगळा गाव तिकिटं घेत सुटतो, तसं झालं.

आमच्या अकाउंट्सवाल्याला त्याआधी केसांनी नादावलं होतं. २०१५च्या जूनमध्ये जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलं आणि बर्फात मरायला टाकलं. भूमिका करणारा नट किट हॅरिंग्टन म्हणाला, मी मेलो, संपलं. जुलैत तो विम्बल्डनला मॅच बघायला आला आणि जगभरच्या जाणकारांनी टेनिस सोडून त्याचे केस बघितले. कापलेले नव्हते! मेलेला माणूस केस कशाला राखील? पुढच्या मे महिन्यात जॉनने डोळे उघडले आणि आमच्या या सहकाऱ्याची ऑफिसात प्रतिष्ठा एकदम वाढली. तेव्हापासून कोणी केस बारीक कापून आला तरी तो 'ह्याची बदली झाली' असं परस्पर जाहीर करतो.

माझी आई पेडण्याची. जन्म दशावतारी काले बघण्यात गेलेला. आम्ही बघत असताना ती सुपारी कातरत मागे बसायची. एकदा तिने विचारलं, 'शेवटी मरता कोण, तें तुम्हांला ठाऊक ना?'

'नाही गो आई.'

'मग बघतां कशे?'

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. पेडण्यात देवळासमोर रात्री आख्यान लागलं की कोणता राक्षस पहाटे मरणार ते पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. कारण संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की आज कोण कोणाला कुठे अडवतो, ते त्या दोघांनाही ठाऊक नसतं. मला विचाराल तर बघण्याची खरी रीत हीच. आईचा सगळ्यात मोठा आक्षेप होता नाइट किंगवर. निळ्या डोळ्यांचा, बर्फाचा, मेलेल्यांची फौज घेऊन येणारा हा राक्षस अख्ख्या मालिकेत तोंडातून एक शब्द काढत नाही. 'बोलत नाही तो कसलो राक्षस?' आई म्हणाली. 'आमचो तासभर बोलल्याबगर मरत नाही.'

शेवटचा सीझन २०१९च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. भाग सहाच. आपल्याकडे ते सोमवारी सकाळी साडेसहाला लागायचे, म्हणजे बरोबर पोदेराच्या, पाववाल्याच्या वेळेला. बाहेर सायकलचा भोंपू वाजतोय, आत भिंती कोसळताहेत, आणि 'उंडे किती घेऊ?' या प्रश्नाला भाचा 'गप, गप!' म्हणतोय, असा आमचा आठवडा उजाडायचा. तिसऱ्या भागात रात्रीची लढाई होती. ती चित्रित करायला ५५ रात्री लागल्या म्हणे. पडद्यावर काळोखाशिवाय काही दिसेना. एप्रिल महिना, फोंडा, पडदा काळा. आई सवयीने मेणबत्ती शोधायला उठली. पंखा फिरत होता म्हणून कळलं की वीज आहे.

त्याच काळोखात भाच्याची थिअरी मेली. नेडचा मुलगा ब्रान स्टार्क हाच भूतकाळात जाऊन नाइट किंग झाला आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्यासाठी त्याने जी मेहनत घेतली होती त्यातली निम्मी गणितात घातली असती तर त्याच्या आईचे मला फोन आले नसते. ब्रानची बहीण आर्या हिने झेप घेतली, खंजीर या हातातून त्या हातात टाकला, खुपसला, आणि नाइट किंगचे बर्फाचे तुकडे झाले. न बोलताच मेला. भाच्याने त्या दिवशी उंड्याला हात लावला नाही.

माझ्यावर थिअरीची वेळ आली ती मे महिन्यात, आणि त्याला कारण कांदे. मे म्हणजे पुरुमेंताचे दिवस. पावसाच्या आधी सुकी मासळी, सोलां, मिरच्या, सगळं घरात भरून ठेवायचं. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माळेचे कांदे घेऊन ऑफिसात आलो, माळ खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि अकाउंट्सवाल्याने गाठलं. 'आता दोनच भाग उरले. तू अजून बोललेला नाहीस. सिंहासनावर कोण?'

कांद्यांकडे बघत मी म्हटलं, 'डावोस.'

ऑफिस गप्प झालं. मग माझं मलाच ते पटायला लागलं. सर डावोस सीवर्थ हा मूळचा तस्कर. राजा रॉबर्टचा भाऊ स्टॅनिस वेढ्यात अडकून उपाशी मरत होता तेव्हा हा काळोखात होडी घालून किल्ल्यात कांदे घेऊन गेला. बक्षीस म्हणून स्टॅनिसने त्याला सरदार केलं आणि आधीच्या तस्करीची शिक्षा म्हणून त्याच्या बोटांची पेरं छाटली. सात राज्यांत 'हिवाळा येतोय, हिवाळा येतोय' म्हणून सगळे आठ सीझन ओरडले, पण पुरुमेंत भरायची अक्कल कोणाला होती? ज्याला साठवणीतलं कळतं तोच राज्य करणार.

हेडक्लार्क बाईंनी चष्मा काढला. 'पण त्याला वाचतासुद्धा येत नव्हतं. स्टॅनिसच्या लहान मुलीने शिकवलं, शिरीनने.'

'वाचता यायची अट राज्य करायला कुठे आहे?' मी म्हटलं.

'घराणं नाही, फौज नाही, आणि ह्याच्या मागे लोक तरी कोण?' अकाउंट्सवाला.

खरं सांगायचं तर मी हे बोललो होतो सुटका व्हावी म्हणून. पण तिघा-चौघांनी मिळून माझा डावोस खोडायला घेतला आणि मला लागलं. रात्री जेवण झाल्यावर मी जुने भाग काढून बसलो. जॉनला परत जिवंत करायचा प्रयत्न कर, अशी जादूगारीण मेलिसांद्रेला गळ घातली कोणी? डावोसने. राजा रॉबर्टचा मुलगा गेंड्री, त्याला होडीत बसवून वाचवलं कोणी? डावोसने. भाचा म्हणाला, 'मामा, तो गेंड्री होडीत बसला तो पुढचे तीन सीझन वल्हवतच होता.' मी म्हटलं, 'पण परत शोधून आणला कोणी?' सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, मी होडीच्या दोरीवरून गाठला. पहाटे आई पाणी प्यायला उठली, माझ्या हातातली वही बघितली आणि काही न बोलता परत गेली.

चौथ्या भागात एक गंमत झाली. मेजवानीच्या टेबलावर ड्रॅगनवाल्या राणी डेनेरिसच्या पुढ्यात चक्क आजच्या जमान्यातला कॉफीचा कागदी कप राहून गेला होता. जगभर हसू झालं, वाहिनीने चूक कबूल केली आणि कप नंतर पुसून टाकला. आमच्या ऑफिसात कोणाच्या मेणबत्तीचा धूर कुठल्या दिशेला गेला यावरून राज्यं उलथवली जात होती, पण हा कप एकालाही दिसला नव्हता. काखेत कळसा.

शेवटचा भाग २० मेला. आदल्या दिवशी, रविवारी, मनोहर पर्रीकरांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या पणजीच्या जागेसाठी मतदान होतं आणि अकाउंट्सवाल्याला नेमकी निवडणुकीची ड्यूटी. यंत्रं जमा करून घरी पोचायला उशीर, तरी साडेसहाला गडी टीव्हीसमोर. ऑफिसात आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ते झोपेने की दुःखाने, विचारायची सोय नव्हती. ज्या सिंहासनासाठी आठ सीझन माणसं मेली ते ड्रॅगनने आग ओकून वितळवलं. कोण बसणार, यावर आमच्याकडे थिअऱ्यांचा ढीग होता. खुर्चीच उरणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. राजा झाला ब्रान.

आणि डावोस? राजा निवडायच्या सभेत तो म्हणाला, मला मताचा हक्क आहे की नाही ठाऊक नाही, आणि लगेच मत देऊन मोकळा झाला. त्यानंतर त्याला जहाजांचं खातं मिळालं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की मुख्यमंत्रिपद हुकलं असेल, पण बंदर कप्तान खातं मिळालंय, आपल्याकडे याला जिंकणं म्हणतात. कोणी मानलं नाही. खजिना गेला ब्रॉनकडे. हा भाडोत्री योद्धा, जो जास्त देईल त्याचा. त्याला अर्थखातं! यावर मात्र आख्ख्या ऑफिसात कोणाची भुवई हलली नाही.

सीझन पुन्हा नव्याने बनवा, अशा मागणीच्या अर्जावर जगभरातून दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. हेडक्लार्क बाईंनी भाच्याकडून तो अर्ज मोबाईलवर उघडून घेतला, वाचला आणि 'ह्याला जावक क्रमांक नाही' म्हणून परत दिला.

२३ मेला पणजीचा निकाल लागला. भाजपने १९९४पासून हातची न सोडलेली जागा काँग्रेसने जिंकली. त्यावर आठवडाभर चर्चा. मग १० जुलैला काँग्रेसचे १० आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले, त्यात पणजीहून नुकतेच निवडून आलेलेही होते. त्या संध्याकाळी शटलमध्ये अकाउंट्सवाला माझ्या शेजारी होता. जुन्या गोव्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. 'ह्याचे काही धागेदोरे आधी दाखवले होते का रे?' एवढंच त्याने विचारलं.

आता त्याचं म्हणणं असं की मालिका गेली खड्ड्यात, खरा शेवट पुस्तकात येणार. पाचवं पुस्तक २०११ साली आलं, सहावं अजून यायचं आहे. मी मुद्दाम शोधून बघितलं. पुस्तकातल्या डावोसला छोट्या रिकन स्टार्कला आणायला स्कागोस नावाच्या रानटी बेटावर पाठवलेलं आहे. म्हणजे २०११पासून माझा माणूस समुद्रात आहे. तिथून तो परत येणारच नाही, अशी भाच्याची एक थिअरी आहे, पुराव्यांसकट. परवा फोनवर सांगायला लागला, तेव्हा मी त्याला मध्येच तोडलं आणि वही आणायला उठलो.