7 दिवसांत वांग जात नाही, आणि जळजळ म्हणजे सिरम काम करतंय असं तर मुळीच नाही

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ठिकाणांहून आला आणि शेवटी मावशीने पाठवून विचारलं, "घेऊ का गं हे?" म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: 20 टक्क्यांचं व्हिटॅमिन सी सिरम सकाळ-संध्याकाळ लावा, 7 दिवसांत वांग, मुरमांचे डाग, मानेचा काळेपणा सगळं मुळापासून जाईल. जळजळ झाली तर घाबरू नका, ते आत काम करतंय. सिरम परवडत नसेल तर लिंबू आणि खायचा सोडा, नैसर्गिक आहे, अपाय नाही. घरातच असाल तर सनस्क्रीन नको. आणि एवढं करून फरक नाही पडला तर मेडिकलमधून डागांची ट्यूब आणून रात्री चोळा.

जळजळीपासून सुरू करते कारण ते मी भोगलंय. मागच्या वर्षी असंच एक सिरम ऑनलाइन मागवलं होतं. हनुवटीवर आणि गालांवर मुरमांचे तपकिरी डाग होते, लग्नसराई तोंडावर आलेली, घाई होती. पहिल्याच दिवशी चुरचुरलं, सोबतच्या कागदावर लिहिलेलं की थोडं चुरचुरणं नॉर्मल आहे, मग काय, दातओठ खात लावत राहिले. चौथ्या दिवशी नाकपुड्यांच्या कडेची कातडी सोलायला लागली, दहाव्या दिवशी उजव्या गालावर लाल चट्टा उठला, आणि तो उतरला तेव्हा त्याच जागी रुपयाच्या नाण्याएवढा नवा डाग होता, आधीच्या सगळ्यांपेक्षा गडद. डॉक्टरांनी गाल बघून पहिला प्रश्न विचारला, "जळजळ होत असताना किती दिवस लावलंत?"

आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट, त्यांना कुठूनही इजा किंवा सूज जाणवली की त्या जास्त रंग बनवून ठेवतात. मुरूम फोडल्यावर डाग पडतो, कुकरची वाफ लागल्यावर पडतो, वॅक्सने भाजल्यावर पडतो, सिरमने भाजल्यावरही तसाच पडणार. म्हणजे ज्याला मेसेज काम करणं म्हणतोय ती नव्या डागाची सुरुवात असू शकते. लावल्यावर मिनिटभर हलकं चुरचुरून थांबलं तर ठीक आहे, सिरम आम्लच असतं. पण लाली राहिली, कातडी ताणल्यासारखी झाली, साधं पाणी लागलं तरी झोंबतंय, तर धुवून टाका आणि बंद करा.

आता ते 20 टक्के. शुद्ध व्हिटॅमिन सी, ज्याला एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणतात, ते त्वचेत शिरायचं तर सिरमचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) साडेतीनच्या खाली लागतो आणि त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण 5 च्या आसपास, म्हणजे झोंबायला कारण आधीच तयार आहे. शिवाय 20 टक्क्यांच्या पुढे गेलं तरी शोषण वाढत नाही. सुरुवातीला 10 टक्के आणि तेही एक दिवसाआड, नवशिक्या चेहऱ्याला एवढं पुरे. आणि हे टिकत नाही हे कोणी सांगतच नाही. माझी बाटली आली तेव्हा आतलं पाण्यासारखं होतं, बाथरूममधल्या फळीवर गीझरच्या उष्णतेत दीड महिन्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, उशीच्या अभ्र्यावर पिवळे ठिपके पडायला लागले तरी मी तेच लावत होते, पैसे दिलेत म्हणून. तो रंग आला की त्यातलं व्हिटॅमिन सी बरंचसं खराब झालेलं असतं, टाकून द्यायचं.

ज्यांना हे सोसत नाही त्यांच्यासाठी 4-5 टक्क्यांचं नायसिनमाइड आहे. ते रंग बनणं थांबवत नाही, बनलेले रंगाचे कण वरच्या पेशींकडे जाण्याची वाट अडवतं, म्हणून हळू चालतं पण सहसा कमी झोंबतं. मला डॉक्टरांनी तेच दिलं.

7 दिवसांचं म्हणाल तर साधा हिशोब बघा. त्वचेच्या खालच्या थरातली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, वय वाढेल तसं जास्तच. रंग त्या पेशींमध्ये भरलेला असतो. मग आठवड्यात तो जाणार कुठे? अशा औषधांचा फरक डॉक्टरसुद्धा 8 ते 12 आठवड्यांनी बघतात. आठवड्यात जी चमक दिसते ती बहुतेक वेळा ओलाव्याची असते, ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझरही ती देतं. आणि त्या आधी-नंतरच्या फोटोंमध्ये उजेड बघा फक्त. मी दर रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी एकाच जागी उभी राहून फोटो काढते, दुसऱ्या महिन्यापर्यंत काहीच कळत नव्हतं, पाचव्या महिन्यात तो नाण्याएवढा डाग फिका झाला, अजून आहे.

आणि मुळापासून हा शब्द तर वांगाच्या बाबतीत वापरूच नये. मुरमाचा डाग आणि वांग हे दोन वेगळे प्रकार आहेत. वांगामागे हार्मोन, ऊन, उष्णता, घराण्यातून आलेला कल असं सगळं असतं, गरोदरपणात येतं, गर्भनिरोधक गोळ्यांनीही येऊ शकतं. माझ्या आईला धाकट्या भावाच्या वेळी गालांवर आलं, नंतर फिकं पडलं आणि दर उन्हाळ्यात परत गडद होतं, तीस वर्षं झाली. ते आटोक्यात ठेवता येतं. पण कायमचं घालवतो म्हणणारा माणूस काहीतरी विकतोय असं खुशाल समजा.

लिंबू-सोड्याबद्दल. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या जवळ, सोड्याचा 8 च्या वर. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, त्याला मळ निघतोय म्हणतात, तो नुसता कार्बन डायऑक्साइड आहे. आणि लिंबाच्या जातीच्या फळांमध्ये अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे महिनोन् महिने तपकिरी डाग राहतात. डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देतं. नैसर्गिक म्हणाल तर पाराही नैसर्गिकच आहे. 2023 साली अकोल्याची बातमी आठवत असेल, एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाला आणि त्या वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला.

घरात सनस्क्रीन नको हेही चुकीचं. खिडकीची काच भाजणारे यूव्हीबी किरण बऱ्यापैकी अडवते पण यूव्हीए आत येतात, आणि सावळ्या त्वचेला तर डोळ्याला दिसणारा साधा उजेडसुद्धा गडद करतो, म्हणून वांगवाल्यांना डॉक्टर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सांगतात. दोन बोटं भरून चेहरा आणि मानेला, हरभऱ्याएवढं नाही. सनस्क्रीनशिवाय सिरम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पैसे एकातच घालायचे असतील तर सनस्क्रीनमध्ये घाला.

शेवटची ती ट्यूब, आणि इथे मला खरंच राग येतो. डागांसाठी म्हणून जी ट्यूब सर्रास मिळते त्यात बहुतेक वेळा तीन औषधं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड. औषध म्हणून ते खोटं नाही, डॉक्टर बघून काही आठवड्यांपुरतं देतात. पण आपल्याकडे ते क्रीमसारखं वर्षवर्ष लावतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो म्हणून मैत्रिणीला सांगतात, मग कातडी पातळ होते, बारीक लाल नसा दिसतात, मुरुमं आणि केस येतात, आणि बंद केलं की तोंडाची आग होते म्हणून परत लावतात. माझ्या चुलत बहिणीने लग्नाआधी सुरू केली ती चौदा महिने, आता गॅसजवळ पाच मिनिटं उभी राहिली तरी चेहरा लालबुंद होतो. हे इतकं पसरलंय की आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. 2018 मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली तरी काउंटरवर नुसतं नाव सांगितलं की मिळतात. घरातल्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल या स्टिरॉइडांपैकी काही लिहिलंय का बघा, आणि बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ट्रेटिनॉइन नकोच.

मावशीला मी आधी फोटो पाठवायला सांगितला. तिचे डाग गालावर नव्हतेच, मानेच्या मागे होते, जाड, मखमलीसारखा काळपट पट्टा, आणि ती चार महिने तो आंघोळीच्या दगडाने घासत होती. असा पट्टा बऱ्याचदा वाढलेल्या इन्सुलिनचं लक्षण असतो, मळाशी त्याचा काही संबंध नाही. म्हटलं, "मावशी, सिरम राहू दे, आधी शुगर तपासून घे." एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 6.3 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, डॉक्टरांनी गोळी न देता चालायला आणि रात्रीचा भात कमी करायला सांगितलंय, आणि दगड तिने परवा फेकून दिला.