‘आरामाची वाट’? पटलं नाही
रेडिओलॉजीवरच्या तुमच्या लेखात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला (एक्स-रेसारख्या प्रतिमा बघत सुई-नळीने शरीराच्या आत उपचार करणारी शाखा) ‘रेडिओलॉजीतली आरामाची वाट’ म्हटलंय. कसली आरामाची! पोटातला रक्तस्राव थांबवायला रात्री दोनला बोलावणं येतं, मग एक्स-रेपासून बचावाचा शिशाचा जड एप्रन चढवून तासन्‌तास उभं राहायचं. मान-पाठ कुरकुरणारच. बाकी इतिहास छान मांडलाय, पण या शाखेचे जनक मानले जाणारे अमेरिकन रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर कसे राहून गेले? १९६४ मध्ये पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली अरुंद धमनी त्यांनी कॅथेटरनेच (बारीक नळीने) रुंद केली, पाय वाचला. (त्यामागे स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांचं १९५३ चं, सुईतून तार घालून तिच्यावरून नळी धमनीत सरकवायचं तंत्र होतंच.) आणि हो, नुसते स्कॅन वाचायला आवडत असतील, ओपीडीत बसून रुग्णाशी बोलायचा कंटाळा असेल, तर डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीच (स्कॅनवरून निदान करणारी शाखा) बरी.